दोनचा रकाना

किशोरीचं पत्र मेट्रन मॅडमच्या टेबलाच्या खणात तयार होतं. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांची सही झाली, की सोमवारपासून ती दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज. नऊ ते पाच ड्यूटी, पाळ्या बंद, रविवारची हक्काची सुटी. या पत्राची ती आठ वर्षं वाट बघत होती. लेक मनस्वी जूनमध्ये दहावीत जाणार होती. त्या एका वर्षी तरी आई संध्याकाळी घरात दिसावी, एवढंच तिचं मागणं होतं.

“शुक्रवारपर्यंत तोंड आणि पेन दोन्ही सांभाळ,” मॅडम म्हणाल्या होत्या. “पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येतायत. आत्ता काही लफडं नको.”

तो मंगळवार होता, दोन हजार तेराच्या फेब्रुवारीतला. वॉर्डात अठ्ठावीस बायका होत्या आणि सकाळपाळीला सिस्टर दोन.

असायला हव्या होत्या चार. एक मस्कतला गेली, एक बाळंतपणाच्या रजेवर. त्यांच्या जागी नवीन मुली येणार, असं मॅडम दर सोमवारी सांगत आणि दर सोमवारी सगळ्या माना डोलवत. आज किशोरीच्या जोडीला रिया होती. नोकरीला आठ महिने झालेली, पायांत भिंगरी, पण अजून प्रत्येक गोष्ट विचारून करणारी. तिसरी म्हणजे मालूमावशी, बेडपॅन आणि चादरींची धनीण. तिला बीपी घेता येत नसे, पण कोणाचं किती असेल ते तोंडावरून सांगायची आणि पुष्कळदा बरोबर निघायचं.

वॉर्डाचा एक नियम होता. प्रत्येक पेशंटच्या पायाशी कागद लटकवलेला, त्यावर नाडी, ताप, बीपीचे रकाने. दहाचा, दोनचा, सहाचा. पाळी संपताना रकाना रिकामा दिसला तर पुढची सिस्टर ताबा घेत नसे. तिचंही बरोबर होतं. मॅडमची ओरड तिने का खावी? आणि दोन वाजता पाळी संपत असेल, तर दोनचं बीपी अठ्ठावीस जणींचं घ्यायचं कधी? सुरुवात एकला केली तरी मध्ये कोणाचं सलाईन संपतं, कोणाला उलटी होते, कोणाचा नवरा बिलाचं विचारायला येतो. मग सिस्टर लोकांनी आपला मार्ग काढला होता. दहाचा आकडा बघायचा, त्यात दोन-चार खालीवर करायचे आणि दोनचा रकाना भरून टाकायचा. ‘दोनचं ओढून घे’ असं म्हणत. बरी दिसणारी पेशंट असेल तिचंच ओढायचं, असा एक अलिखित धरबंधही होता.

किशोरीने कितीतरी वर्षं ओढलं नव्हतं. वॉर्डात तिची त्यावरून चेष्टा व्हायची. “सिस्टर, तुमचा पारा खरा, आमचा मनातला.” ती उरणजवळच्या मोरा बंदराची. बाप बुधाजी होडीवर. ती सातवीत असताना पाखट माशाचा काटा त्याच्या तळहातात घुसला आणि हात मनगटापर्यंत सुजला. उरणच्या सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरने बारा दिवस तो हात धुतला, पिळला, बांधला. बुधाजीने आयुष्यात कोणाला अहोजाहो केलं नव्हतं. त्या बाईला तो ‘बाय, तुमी’ म्हणाला. पोरीने ते ऐकलं आणि तिथेच ठरवलं. पुढे अलिबागला नर्सिंगचा कोर्स झाला. मग पनवेलचं हे हॉस्पिटल, तेव्हा ते औषधाच्या दुकानावर पंधरा खाटांचं होतं. आता साठ खाटा, लिफ्ट आणि खाली काचेचं दार. निकेशशी लग्न झालं, खांदा कॉलनीत दोन खोल्या झाल्या, मनस्वी झाली. किशोरीचा हात हलका होता. जिची शीर कुणाला सापडत नाही तिच्यासाठी वरच्या मजल्यावरूनही तिला बोलावणं यायचं. मासळीबाजारात अनोळखी बाई हात धरून म्हणायची, “ओळखलं का? तुम्ही सुई टोचलेली, कळलीसुद्धा नाय.” अशा दिवशी घरी जाताना पाय दुखायचे नाहीत.

पण चारच्या दोन झाल्या आणि गेल्या वर्षीपासून तीही ओढायला लागली. पहिल्या दिवशी पेन रकान्यावर अडलं. महिन्याभरात अडायचं बंद झालं.

त्या मंगळवारी सव्वा वाजता ती कागद पुढ्यात घेऊन काउंटरवर उभी होती. नऊ नंबरची पेशंट गोदूबाई. उरणकडच्या एका गावातली, वय चोपन्न, काल गर्भाशय काढलेलं. दहाचं बीपी एकशे अठरा. किशोरीने दोनच्या रकान्यात एकशे सोळा लिहिलं. नाडी ब्याऐंशी होती, ती चौऱ्याऐंशी केली. सकाळी बाई हसत होती, चहा मागत होती. ओढायला हरकत नव्हती.

तेवढ्यात गोदूबाईची सून आली. पंचविशीची, पदर घट्ट आवळलेला.

“सिस्टर, सासूबाय सारख्या पानी मागतात. चैन नाय त्यांना.”

“ऑपरेशननंतर तहान लागते. घोट घोट द्या. आलेच मी.”

आलेच, असं ती दिवसातून शंभर वेळा म्हणायची. ती दहा नंबरचा कागद भरायला लागली. मग अठरा नंबरचं सलाईन थांबलं. मग मॅडम तपासणीच्या दोन फायली घेऊन काउंटरशी आल्या आणि कुठली सही कुठे राहिली ते विचारत बसल्या. सून मध्ये एकदा पुन्हा दाराशी येऊन उभी राहिलेली किशोरीला दिसली. तिने हातानेच ‘आले’ म्हटलं.

पावणेदोनला पाच मिनिटं असताना मालूमावशी चादर घेऊन आली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “नऊ नंबरकडं बघा आधी. मला तिचं तोंड आवडलं नाही.”

किशोरी धावली. गोदूबाईचा चेहरा मेणासारखा. कपाळावर गार घाम. मान उशीवर इकडून तिकडे.

“पानी दे गो बाय... मना पानी दे...”

नाडीवर बोट ठेवलं तर बोटाखाली नुसती फडफड. पोटाला हात लावला, पोट ताठ. तिने डिजिटल मशीन बाजूला सारलं आणि पाऱ्याची पेटी ओढली. कफ बांधला, फुगवला, सोडला. ऐंशी. पुन्हा घेतलं. ऐंशीच, खालचं पन्नास.

“रिया, प्रितम सरांना फोन लाव! पाय वर घ्या मावशी, सलाईन फुल सोडा!”

रियाने तोवर फोन लावलाच होता. ऑपरेशन करणारे डॉक्टर प्रितम खाली ओपीडीत होते. किशोरी येईपर्यंत रिया कागदावर बोट ठेवून सांगत होती, “हो सर, नऊ नंबर. अस्वस्थ आहेत. दोनचं बीपी? एकशे सोळा, चौऱ्याहत्तर आहे सर.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेदोन वाजत होते. दोनचं बीपी पावणेदोनला कसं सांगतो आपण, हे रियाच्या ध्यानात आलं नाही, फोनवरच्या डॉक्टरांच्याही नाही. इतकी सगळ्यांना सवय.

किशोरीने रिसीव्हर हिसकावला. “सर, किशोरी बोलतेय. बीपी ऐंशी-पन्नास आहे. नाडी एकशे तीस. पोट कडक आहे. लगेच या.”

“आत्ता तर एकशे सोळा सांगितलं?”

“नाही सर, आता ऐंशी आहे.”

“सिस्टर, एवढ्यात छत्तीसनं पडतं का? ते डिजिटल मशीन काढून टाका म्हणून दहादा सांगितलंय मी. कफ बदला, दहा मिनिटांनी परत घ्या. माझ्यासमोर पेशंट झोपलाय, तपासतोय मी. तो संपवून येतो.”

“पाऱ्यावर घेतलंय सर. दोनदा.”

“मग ते एकशे सोळा कुठून आलं?”

काउंटरच्या पलीकडे मॅडम उभ्या होत्या. हातात फायली. त्यांनी किशोरीकडे बघितलं आणि मान अगदी थोडी, कोणाला दिसणार नाही इतकी, डावी-उजवी हलवली. सून दाराशी होती. रिया नखं कुरतडत होती. किशोरीला तो खण दिसला, त्यातलं पत्र दिसलं. तिला दुसरीही एक वाट दिसली. ‘एकदम पडलं सर’ म्हणायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा फोन करायचा. दहाच मिनिटं. कोणाला काही कळणार नव्हतं.

नऊ नंबरवरून आवाज आला. “पानी...”

“सर,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला परका वाटला, “ते एकशे सोळा मी घेतलेलंच नाही. कागद आधीच भरून ठेवला होता. खरं शेवटचं बीपी दहाचं आहे. मधले पावणेचार तास कोणी बघितलेलं नाही.”

फोनवर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आणि फोन लोंबकळत राहिल्याची खडखड. जिन्यावर बूट वाजले. डॉक्टरांनी लिफ्टचीही वाट बघितली नाही.

पुढचं सगळं किशोरीच्या हातांनी केलं, डोक्याने नाही. दुसऱ्या हाताला शीर मिळेना, हातपाय गार पडलेले. तिने डोळे मिटून कोपरात चाचपलं आणि जाड सुई एका झटक्यात आत घातली. रक्ताचा नमुना घेतला, रियाला पिटाळलं. ट्रॉली आली. लिफ्टचं दार बंद होताना गोदूबाईची बोटं तिच्या पदराच्या पिनेत अडकली होती, ती तिने हळूच सोडवली.

आतला एक टाका सुटला होता. दीड लिटर रक्त पोटात साचलं होतं. चार वाजता डॉक्टर टोपी काढत बाहेर आले. “वाचली,” म्हणाले. “दहा मिनिटं थांबलो असतो तर नसती.” एवढं बोलून ते किशोरीकडे न बघता निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या वाईट बाई नव्हत्या. किशोरीच्या बाळंतपणात त्यांनी स्वतःच्या सुट्ट्या दिल्या होत्या.

“फोनवर बोललीस ते बोललीस,” त्या म्हणाल्या. “बाईचा जीव होता, मी समजू शकते. पण ते कागदावर कशाला यायला हवं?” त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला, नऊ नंबरचं नाव आणि तारीख घातलेला. “नीट उतरवून काढ. एकशे सोळा होतं ते सव्वाला घेतलं, म्हण. नंतर पावणेदोनला ऐंशी. नातेवाइकांनी उशिरा सांगितलं. झालं. प्रितम सरांशी मी बोलते.”

“त्यांनी उशिरा सांगितलं नाही मॅडम. सून दोनदा येऊन गेली.”

“तिला काय वेळ कळतेय? घड्याळ तरी आहे का तिच्या हातात?”

किशोरीने पेन उचललं. दहाचा रकाना उतरवला. एकशे अठरा, तो आकडा खरा होता, तो सहज उतरला. पेन पुढच्या रकान्यावर आलं तेव्हा दाराबाहेर पॅसेजमध्ये पुरुषी आवाज चढला. गोदूबाईचा मुलगा गावाहून पोचला होता.

“तुला हितं बसवली ती कशाला? झोपा काढाला? आयशीचं रगत चाललंय नि तुला कलत नाय?”

“मी सांगितला त्यांना...”

“कोनला सांगितला? तवाच बोंब का नाय मारलीस?”

मग एक आवाज. चापट असेल, नाहीतर बाकावर आपटलेली पिशवी. बाई रडली नाही, म्हणून चापटच असावी.

किशोरीने पेनाचं टोपण लावलं. कोरा कागद मधोमध घडी घालून मॅडमच्या टेबलावर ठेवला.

“किशोरी, बस खाली,” मॅडम म्हणाल्या. “शुक्रवार तीन दिवसांवर आहे.”

“माहीत आहे मॅडम.”

ती बाहेर गेली. मुलगा सहा फुटी, छाताड पुढे. सून भिंतीला लागून.

“तुमच्या बायकोनं मला सव्वा वाजता सांगितलं होतं,” किशोरी म्हणाली. “दोनदा सांगितलं. मी गेले नाही. मी उशीर केला. तिला बोलू नका.”

तो तिच्याकडे बघत राहिला. आता हात आपल्यावर उगारतो, असं तिला क्षणभर वाटलं आणि तिने डोळे मिटले नाहीत. त्याने हात उगारला नाही. पण जे बोलला ते पुढे कित्येक दिवस भाजी चिरताना, बस पकडताना, मध्येच तिच्या कानात वाजायचं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून तिने घटनेचा फॉर्म मागून घेतला आणि जे झालं ते, वेळेसकट, दहा ओळींत लिहून सही केली.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा निकेश कंटेनर यार्डातून नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते.

“आठ वर्षं थांबलीस,” तो म्हणाला, “अजून तीन दिवस थांबता आलं नाही?”

मनस्वी पुस्तकात डोकं घालून बसली, पण पान उलटत नव्हती. सासू ठमाबाई कोलंबी सोलत होती. तिने पस्तीस वर्षं मोऱ्याला आणि उरणला मासळी विकली होती.

“आमी पाटी घेऊन बसायचो ना,” ती म्हणाली, “गिऱ्हाइकानं कल्ला उघडून बघितला तर बघू द्यायचा. नाय बघितला तर आपन कशाला उघडून दाखवायचा? येडी का खुली तू?”

“तुमच्या शिळ्या मासळीनं फार तर पोट बिघडायचं, आई.”

“आमची शिली नसायची!” ठमाबाई फणकारली. मग दोन कोलंब्या सोलून झाल्यावर, वर न बघता म्हणाली, “जगली ना ती बाई?”

“जगली.”

“मंग जेव. हात धू.”

शुक्रवारी पत्रावर सही झाली, नाव मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरचं घातलं होतं. किशोरीला दोन पत्रं मिळाली. एक मेमो. दुसऱ्यात, पुढचा महिनाभर दुपारपाळी, दोन ते आठ. म्हणजे मनस्वीच्या शाळेतून येण्यापासून जेवणापर्यंतचा सगळा वेळ. तिने दोन्ही सही करून घेतली. राजीनाम्याचं तिच्या मनात येऊन गेलं नाही असं नाही. बसस्टॉपवर उभी असताना ते वाक्यसुद्धा तिने मनात दोनदा जुळवलं. पण नोकरी सोडली तर लोक म्हणणार, चूक केली म्हणून काढली. आणि ते तर खोटं. काढली असती तर ती खरं बोलल्याबद्दल. अशा चमत्कारिक हिशेबात ती अडकली आणि बस आली.

शनिवारी दुपारपाळीला पुन्हा त्याच दोघी, सव्वीस पेशंट. सहाचं बीपी घ्यायला तिने पाचला सुरुवात केली. दोघींनी मिळून सतरा जणींचं घेतलं. मग एक अपघाताची केस वर आली आणि संध्याकाळ संपली. पावणेआठला नऊ कागद उरले. रियाने सवयीने पेन काढलं.

“सिस्टर, ओढू?”

“नको.” किशोरीने कागद घेतले आणि नऊही रकान्यांत एकेक करून लिहिलं: ‘घेतलं नाही.’ खाली सही, वेळ.

रात्रपाळीची सिस्टर बिथरली. “हे असलं मी ताब्यात घेणार नाही हं! रकाने रिकामे आहेत.”

“रिकामे कुठे आहेत? लिहिलंय ना.”

“किशोरी सिस्टर, तुम्ही बुडालात ते बुडालात, आम्हाला कशाला?”

मॅडमना घरून यावं लागलं. साडी घरातली, केस विस्कटलेले. त्यांनी नऊ कागद एकामागून एक बघितले.

“मंगळवारी तपासणी आहे. हे बघून काय म्हणतील ते?”

“विचारतील, का घेतलं नाही म्हणून.”

“आणि मी काय सांगू?”

“दोन सिस्टर होत्या, सांगा मॅडम.” तिने काउंटरला हात टेकला. “मी काही वेगळं लिहिलेलं नाही. गेलं वर्षभर हे नऊ रोज राहतात. फक्त दिसत नव्हते.”

मॅडमनी कागद एकावर एक लावून ठेवले. त्यांनी रात्रपाळीच्या सिस्टरला म्हटलं, “घे ताबा.” दुसऱ्या दिवशी रियाने, किशोरी सिस्टर घरी गेल्या आहेत याची खात्री करून, अकरा रकान्यांत तेच लिहिलं आणि धावत बस पकडली.

सोमवारी वॉर्डात दोन जादा मुली आल्या. तपासणीपुरत्या, हे सगळ्यांना माहीत होतं, मालूमावशीने तर त्यांना “पाहुण्या, चहा घेणार का?” असंच विचारलं. तपासणीनंतर त्यातली एक परत गेली. दुसरीला कोणी परत बोलावलं नाही. मुद्दाम ठेवली की विसरले, ते कळलं नाही, आणि विचारायला कोणी गेलं नाही.

गोदूबाईला त्याच आठवड्यात घरी सोडायचं होतं. त्या दुपारी किशोरी पाऱ्याची पेटी घेऊन नऊ नंबरशी गेली तेव्हा सून पिशवी भरत होती आणि बाई उशीला टेकून केस विंचरून घेत होती. सुनेने त्या दिवशी दाराशी उभं राहून फोनवरचं सगळं ऐकलं होतं, आणि आठ दिवसांत त्या दोघींशी किशोरी कामापुरतंच बोलली होती.

कफ बांधला. फुगवला. सोडला.

“कवरा हाय गो?” गोदूबाईने विचारलं.

“एकशे बारा. छान आहे.”

गोदूबाईने मान कलती करून तिच्याकडे बघितलं. “घेतलंस, का नुसता लिवलंस?”

सून पिशवीत तोंड घालून खुदकली. किशोरीच्या कानापर्यंत रक्त चढलं. तिने कफ सोडला होता तो पुन्हा बांधला, आणि या खेपेला पाऱ्याची पेटी गोदूबाईच्या तोंडासमोर वळवून धरली.

“बघा,” ती म्हणाली, “तुम्हीच बघा.”